पाहतो कोण, डोळा की मेंदू?

शाळेत नेत्रतपासणी होते, नंबर निघालेल्या विद्यार्थ्यांची यादी लागते, आणि थोड्याच दिवसांत वर्गातील काही नाकांवर नवे चष्मे दिसू लागतात. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु आठवडा उलटतो न उलटतो तोच त्यांतील काही चष्मे नाकावरून दप्तरात आणि दप्तरातून घरच्या कोनाड्यात जाऊन बसतात. कारण विचारावे तर उत्तरे ठरलेली असतात : ‘सर, जमीन खाली गेल्यासारखी वाटते’, ‘फळा वाकडा दिसतो’, ‘पायरी उतरताना भोवळ येते’. घरातील वडीलधारी माणसे यावर आणखी एक भर घालतात, की चष्मा लावला म्हणजे नंबर वाढतच जातो. मुलगी असेल तर तिच्या लग्नाची काळजीही त्याच काचांतून पाहिली जाते.

विद्यार्थ्यांची तक्रार खोटी नाही, हे आम्ही आरंभीच सांगून टाकतो. नव्या चष्म्यातून जमीन खरोखरच खाली गेल्यासारखी दिसते. प्रश्न आहे तो हा, की ती तशी का दिसते, आणि काही दिवसांनी ती आपोआप जागेवर येते ती कोणाच्या करणीने? याचे उत्तर डोळ्यात सापडत नाही. ते डोळ्यामागे, कवटीच्या आत आहे. तेथे डोकावण्याची साधने माणसाला अलीकडेच लाभली असून त्यांची वाढ पुढे कोठवर जाईल याविषयी जगभर मोठी उत्सुकता आहे. म्हणून या लेखात चष्मा आणि मेंदूचे चित्रण या वरकरणी दूरच्या दोन गोष्टी आम्ही एकत्र घेतल्या आहेत.

शालेय पुस्तकांत डोळ्याची तुलना कॅमेऱ्याशी केलेली असते. ती अर्धीच खरी आहे. पुढे भिंग, मागे दृष्टिपटल, आणि त्या पटलावर बाहेरच्या वस्तूची लहानशी उलटी प्रतिमा, इथपर्यंत ती चालते. पण दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी १२ कोटींच्या घरात असताना तेथून मेंदूकडे जाणारे तंतू प्रत्येक डोळ्यामागे सुमारे १० ते १२ लाखच आहेत. म्हणजे डोळा पाहिलेले सर्व काही वर पाठवीत नाही. तो निवडून, आखडून, सारांश करून पाठवितो. हा सारांश डोक्याच्या मागील बाजूस, आपण निजताना उशी टेकतो त्या ठिकाणच्या मेंदूच्या भागात पोहोचतो, आणि पाहण्याचे खरे काम तेथून पुढे सुरू होते.

याची प्रचीती घरबसल्या घेता येते. रेघी वहीच्या एकाच रेघेवर डावीकडे एक फुली आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका काढावा. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत वही हळूहळू जवळ आणावी. सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर ठिपका एकाएकी नाहीसा होतो. डोळ्यातील तंतू जेथून बाहेर पडतात तेथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात, आणि ठिपक्याची प्रतिमा नेमकी त्या जागी पडलेली असते. गंमत पुढे आहे. ठिपका गेला तरी तेथे भोक दिसत नाही. वहीची रेघ अखंड चाललेली दिसते! ती रेघ त्या क्षणी डोळ्याने पाहिलेलीच नसते. मेंदूने ती आपल्या अंदाजाने भरून काढलेली असते, आणि आपण जन्मभर अशा भरून काढलेल्या जगात निःशंकपणे वावरत असतो.

आता चष्म्याकडे वळू. लांबचे न दिसणाऱ्यास अंतर्गोल भिंग देतात. ते भिंग प्रतिमा स्पष्ट तर करतेच, पण ती लहानही करते. वजा ५ नंबरच्या भिंगातून जग सुमारे ६ टक्क्यांनी लहान दिसते. जे लहान ते दूर, हा मेंदूचा जुना हिशेब. म्हणून जमीन दूर, म्हणजेच खाली गेल्यासारखी वाटते. शिवाय भिंगाच्या मध्यातून पाहिले तर वस्तू जागच्या जागी दिसते, पण कडेने पाहिले तर ती सरकते. ४ नंबरच्या भिंगाच्या मध्यबिंदूपासून १ सेंटिमीटर बाजूने पाहिल्यास १ मीटरवरील वस्तू सुमारे ४ सेंटिमीटर हललेली दिसते. ओसरीची पायरी उतरताना आपण मान न वाकवता चष्म्याच्या खालच्या कडेतून पाहतो, आणि मग पाऊल चुकते ते यामुळेच. ज्यांच्या नंबरात सिलिंडर असतो त्यांचे भिंग एका दिशेस कमी व दुसऱ्या दिशेस अधिक ताणते, म्हणून काटकोनी फळा त्यांस भूमितीतल्या समांतरभुज चौकोनासारखा कललेला दिसतो.

भोवळ येण्याचे कारण याहून सूक्ष्म आहे. वाचकांनी हे पान समोर धरून मान डावीउजवीकडे झटपट हलवावी. अक्षरे वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून पान तितक्याच वेगाने हलवावे. अक्षरांचा गोंधळ होतो. असे का व्हावे? मान हलताच आतील कानातील अर्धवर्तुळाकार नळ्या मेंदूस वर्दी देतात, आणि सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात डोळे मानेच्या उलट दिशेने तितकेच फिरविले जातात. त्यामुळे जग स्थिर राहते. हे माप लहानपणापासून पक्के बसलेले असते. नवा चष्मा जगास ६ टक्क्यांनी लहान करतो, आणि मग डोळे जुन्या मापानेच फिरले म्हणजे जरा जास्त फिरतात. जग डोलू लागते. शेर जाऊन किलो आला तेव्हा दुकानदारांस काही काळ मनात दोन हिशेब करावे लागले, त्यातलाच हा प्रकार. हे माप नव्याने बसविण्याचे काम मुख्यतः डोक्याच्या मागे खालच्या बाजूस असलेला लहान मेंदू करतो, आणि ते तो चूक पाहूनच करतो. चष्मा घालून मान हलली, जग डोलले, चूक कळली, माप किंचित बदलले. असे सहस्रावधी वेळा घडावे लागते. चष्मा दप्तरात असेल तर चूक कळणार कशी?

आम्ही कारवारकडचे. कोंकणी ऐकत वाढलेला आमचा कान चिटगुप्प्यास येऊन एकाच ओट्यावर मराठी, कानडी आणि दखनी ऐकू लागला, तेव्हा पहिले काही आठवडे प्रत्येक वाक्याचा अर्थ क्षणभर उशिरा पोहोचे. कानात काही दोष नव्हता. घडी बसावयाची होती ती आत, आणि ती घरात बसून नव्हे, बाजारात भाजी घेता घेता बसली.

मेंदूची ही जुळवून घेण्याची शक्ती किती असावी, हे अजमावण्यासाठी अमेरिकेतील जॉर्ज स्ट्रॅटन या मानसशास्त्रज्ञाने जग उलटे दाखविणारी भिंगे स्वतःच्या डोळ्यावर बांधून आठ दिवस काढले आणि १८९७ साली तो वृत्तांत प्रसिद्ध केला. प्रारंभी त्याला घास तोंडात नीट जाईना. पुढे हालचाली सुरळीत झाल्या. काही दिवसांनी जग पुन्हा सुलटे दिसू लागते, असे या प्रयोगांवरून पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले आढळते. आमच्या मते ते सावधपणे वाचावे. जर्मनीतील संशोधकांनी १९९९ साली असेच प्रयोग करून त्यास मेंदूच्या चित्रणाची जोड दिली. तेव्हा असे आढळले, की माणसे थोड्याच दिवसांत सराईतपणे वावरू लागली, पण जग सुलटे दिसू लागल्याचे त्यांच्यापैकी कोणी सांगितले नाही. हात शिकला, पाय शिकले. दिसणे मात्र तसेच राहिले. आमच्या चष्म्याच्या बाबतीत बदल फारच लहान असतो, म्हणून तेथे दिसणेही निवळते.

कवटीआडचे हे व्यापार दिसू लागले कसे? क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. पण त्यांत हाडे दिसतात, मेंदूसारखा मऊ अवयव नीट दिसत नाही. १९२९ साली जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी डोक्याच्या कातडीवरून मेंदूतील विजेच्या लहरी नोंदविल्याचे प्रसिद्ध केले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूचे पहिले सी. टी. चित्र घेतले. हाउन्सफील्ड हे ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या ई. एम. आय. कंपनीत अभियंता होते, ही गोष्ट आम्हास नेहमी मौजेची वाटते. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी चुंबकाच्या साहाय्याने चित्र काढण्याची रीत दाखविली. तिचेच रूप म्हणजे आजचे एम. आर. आय. शरीरातील पाण्याच्या रेणूंत जो हायड्रोजन असतो, त्यास बलवान चुंबकाने एका दिशेस वळवून, रेडिओलहरींचा धक्का देऊन, तो पूर्वस्थितीस येताना जो संदेश देतो त्यावरून हे चित्र बनते. रुग्णालयातील १.५ टेस्ला शक्तीचे असे चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा तीस हजार पटींहून अधिक बलवान असते. यात क्ष-किरण मुळीच नसतात.

१९९० साली सेइजी ओगावा यांनी आणखी एक पाऊल टाकले. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूने युक्त असताना चुंबकास एक प्रतिसाद देते आणि प्राणवायू सोडल्यावर दुसरा. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे ताजे रक्त धाव घेते. म्हणजे रक्ताचा माग काढला की कामाचा माग लागला. वर्तमानपत्रांत मेंदूच्या चित्रावर तांबडे-पिवळे डाग दाखवितात ते या पद्धतीचे. ते डाग मेंदूत ‘दिवा लागल्याचे’ नसून आकडेमोडीने काढलेले असतात, याचा वाचकांनी विसर पडू देऊ नये. २००९ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी एक मेलेला सॅमन मासा अशा यंत्रात ठेवून त्यास माणसांची छायाचित्रे ‘दाखविली’, आणि आकडेमोडीत योग्य ती काळजी न घेतल्यास त्या मृत माशाच्या मेंदूतही हालचाल दिसते हे सिद्ध केले! सॅमन म्हणजे आमच्याकडील काही लोक उगाच रावसाला ज्याचे नाव देतात तो मासा. कारवारच्या माणसास माशाचा दाखला सुचला याबद्दल बीदर जिल्ह्यातील वाचक क्षमा करतील.

या पद्धतीच्या मर्यादा नव्या चष्म्याच्या उदाहरणावरून चांगल्या कळतात. एक तर रक्त धावण्यास पाच-सहा सेकंद लागतात, आणि डोळा फिरण्याचे काम सेकंदाच्या शंभराव्या भागात आटोपते. दुसरे, यंत्रात निश्चल पडून राहावे लागते. पायरी उतरताना येणारी भोवळ तेथे अनुभवता येत नाही. तिसरी अडचण तर अशी, की धातूच्या काड्यांचा चष्मा त्या चुंबकाच्या खोलीत नेताच येत नाही! पाहण्यासंबंधीचे प्रयोग करणारे लोक नंबर असलेल्या माणसासाठी प्लास्टिकच्या चौकटीत भिंगे बसवून देतात.

पुढील काळाची वाट या अडचणींतूनच निघाली आहे. इंग्लंडातील नॉटिंगहॅम व लंडन येथील संशोधकांनी २०१८ साली मेंदूतील अतिक्षीण चुंबकीय लहरी टिपणारे शिरस्त्राण तयार केल्याचे प्रसिद्ध केले. ते डोक्यावर घालून माणूस मान हलवू शकतो, चहा पिऊ शकतो, चेंडू टोलवू शकतो. अद्याप त्यास विशेष रीतीने झाकलेली खोली लागते. ती अट पुढे सैल झाली, तर पहिल्यांदा चष्मा घातलेले मूल चालत असताना त्याचा मेंदू माप कसे बदलतो हे पाहता येईल. दुसरीकडे फ्रान्समध्ये ११.७ टेस्लाच्या चुंबकाने २०२४ साली जिवंत मेंदूची चित्रे प्रसिद्ध झाली, त्यांत ०.२ मिलिमीटरपर्यंतचा तपशील चार मिनिटांत टिपला गेला. आणि तिसरीकडे, अवघ्या ०.०६४ टेस्लाचे, चाकांवर ढकलत रुग्णाच्या खाटेशी नेता येणारे यंत्र २०२० पासून अमेरिकेत मान्यता पावले आहे. त्याची चित्रे अस्पष्ट असतात, पण साध्या विजेवर चालतात. आमच्या मते आपल्या भागास भूषण ठरेल ते हे तिसरे यंत्र. डोक्याला मार लागलेल्या माणसास घेऊन बीदर, कलबुर्गी, सोलापूर वा हैदराबाद गाठावे लागते तेथे ०.२ मिलिमीटरच्या तपशिलाहून दोन तास वाचणे मोलाचे असते.

मेंदूच्या चित्रावरून मनातले विचार वाचता येतील काय, हा प्रश्न विद्यार्थी हटकून विचारतात. परीक्षेच्या दिवसांत तर अधिकच! २०२३ साली टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी अशा चित्रांवरून, ऐकलेल्या गोष्टीचा सारांश ढोबळमानाने शब्दांत उतरवून दाखविला. त्यासाठी प्रत्येक माणसास सुमारे सोळा तास यंत्रात पडून गोष्टी ऐकाव्या लागल्या; एकाच्या मेंदूवर शिकविलेली गणकयंत्राची रीत दुसऱ्यावर चालली नाही; आणि माणसाने मनात आकडे मोजण्यास सुरुवात केली की सारा डाव फसला. मेंदूला दार आहे आणि कडी आजतरी आतून आहे, असे यावरून म्हणता येते. तथापि ही कडी कायद्यानेही मजबूत केलेली बरी. २००८ साली पुण्यातील एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या विद्युत्-लहरींच्या चाचणीचा आधार घेऊन शिक्षा सुनावली गेली होती. पुढे ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी निर्णय दिला, की अशी चाचणी कोणावरही त्याच्या संमतीवाचून करता येणार नाही. आपल्या राज्याच्या नावाने चाललेल्या खटल्यात हा निर्णय झाला, ही गोष्ट येथील विद्यार्थ्यांस ठाऊक असावी. उद्या यंत्रे स्वस्त झाली आणि कारखाने, विमा कंपन्या किंवा शाळाही ‘फक्त एक चित्र’ मागू लागल्या, तर त्या निर्णयाची आठवण उपयोगी पडेल.

आता आम्ही ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या मुलांकडे येतो. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ पवन सिन्हा यांनी ‘प्रकाश’ नावाच्या प्रकल्पातून आपल्या देशातील जन्मांध मुलांवर उपचार घडवून आणले व ती मुले पाहावयास कशी शिकतात याचा अभ्यास केला. त्यांच्या अभ्यासातील एका माणसाच्या डोळ्यांत जन्मतः भिंगच नव्हते. वयाच्या २९ व्या वर्षी त्यास प्रथम चष्मा मिळाला. डोळ्यात प्रकाश नीट पडू लागला, पण एकमेकांवर आलेला चौकोन व वर्तुळ त्याला दोन आकृती म्हणून दिसेनात. तो त्यांचे तुटक तीन तुकडे मोजी. आकृती हलती ठेवली की मात्र त्याला ती वेगळी कळे. दीड वर्षाने स्थिर आकृतीही तो ओळखू लागला. चष्मा एका क्षणात डोळ्यावर चढतो. दिसणे मागाहून, सावकाश येते.

लहान मुलांत याची दुसरी बाजू दिसते. एका डोळ्याचा नंबर पुष्कळ व दुसऱ्याचा थोडा असला, तर मेंदू अस्पष्ट डोळ्याकडे दुर्लक्ष करावयास शिकतो. मूल तक्रार करीत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्यास सर्व दिसत असते. पुढे मोठेपणी योग्य भिंग दिले तरी त्या डोळ्यास अक्षरे वाचता येत नाहीत. यास ‘आळशी डोळा’ म्हणतात. नाव अन्यायाचे आहे, कारण डोळा निरोगी असतो. मेंदूचे चित्रण करून पाहिले असता, त्या डोळ्याकडून आलेल्या संदेशास मेंदूचा मागील भाग क्षीण प्रतिसाद देताना आढळतो. ह्यूबेल व वीझेल यांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिलांवर प्रयोग करून बालपणीचा हा नाजूक काळ दाखवून दिला आणि १९८१ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. सात वर्षांच्या आत उपचार झाल्यास गुण उत्तम येतो, त्यानंतरही काही अंशी येतो. पुष्कळदा नुसता योग्य चष्मा रोज घातला तरी सुधारणा होते, आणि ती सुमारे १८ आठवडे चालू राहते. उरलेल्यास चांगला डोळा ठरावीक तास झाकण्याचा उपाय करतात. कोणत्या मुलास किती काळ झाकणे लागेल, कोणाचा मेंदू अद्याप वळण्याजोगा आहे, हे आधी सांगणारे चित्र उद्या मिळू शकेल. मेंदूच्या चित्रणाकडून आमची पहिली मागणी तीच राहील. पण तोपर्यंत १८ आठवड्यांपैकी १७ आठवडे चष्मा कोनाड्यात पडून राहिला, तर जगातले कोणतेही यंत्र त्या डोळ्याच्या उपयोगी पडणार नाही.

चष्म्याने नंबर वाढतो हा समजही येथे निकालात काढू. वाढत्या वयात नंबर वाढतो तो नेत्रगोल लांबट होत जातो म्हणून. मलेशियात २००२ साली काही मुलांना मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन पाहण्यात आले. त्यांचा नंबर पूर्ण नंबरच्या चष्म्याच्या मुलांपेक्षा कमी न वाढता थोडा अधिकच वाढला.

बिदरीच्या कामात काळ्या धातूवर चांदीची तार बसविणारा कारागीर चाळिशी लागली की चष्मा घेतो आणि दोन दिवसांत हत्यार पूर्ववत् चालवू लागतो, कारण त्याच्या पोटाचा प्रश्न असतो व तो दिवसभर चष्मा उतरवीत नाही. नव्या चष्मेधारी विद्यार्थ्यांनी तेच करावे. सकाळी उठल्याबरोबर चष्मा घालावा, थोडा वेळ घालून थोडा वेळ काढून ठेवू नये. पायरी उतरताना मान वाकवून भिंगाच्या मध्यातून पाहावे. पहिले तीन-चार दिवस सायकल बेताने चालवावी. बहुतेकांची घडी एक-दोन आठवड्यांत बसते. पंधरा दिवसांनंतरही डोके दुखत असेल, किंवा एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, तर मेंदूला दोष न देता चष्मा परत न्यावा. नंबर लिहिताना वा भिंगाचा मध्यबिंदू बुबुळासमोर आणताना चूक झालेली असू शकते, आणि ती विनातक्रार दुरुस्त करून मिळावी म्हणून नंबराचा कागद व पावती जपून ठेवावी.